अडखळवार

२ मार्च

मुंगे,

मायन्यात ‘अनेक आशीर्वाद’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. सध्या एकच घे. बाकीचे राखून ठेवलेत.

तुझा राखाडी स्वेटर खोलीतल्या कपाटात राहिलाय. चित्रांच्या कार्डांचा डबाही तिथेच आहे. पत्राला निमित्त म्हणून एवढं पुरे, पण तू मला ओळखतेस. स्वेटरसाठी मी कागद खराब करणारी बाई नाही.

काल संस्थेच्या बैठकीला गेले होते. मला शेवटची खुर्ची दिली, एक पाय आखूड असलेली. बसलं की ती डुलते, तशी मी डुलत होते. संचालकबाई अहवाल वाचायला लागल्या. ‘वाचा गेलेल्या व्यक्तींसाठी चालणाऱ्या सराव-खोलीचे मूल्यमापन.’ मी मान हलवत ऐकत होते, कारण मला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या खोलीचं चाललंय. आपल्या खोलीचं मूल्यमापन करायला कोण कधी आलं? मग ‘सहभागी क्रमांक दोन, व्यवसायाने शिंपी’ असं आलं आणि माझी मान जागच्या जागी थांबली. शेवटचं वाक्य पाठच झालंय: ‘सुरुवातीच्या आणि अखेरच्या नोंदींमध्ये शब्द आठवण्याच्या क्षमतेत उल्लेखनीय फरक आढळला नाही.’ त्याखाली शिफारस, की खोली दुसऱ्या कामाला द्यावी. त्याखाली तुझी सही.

सही लांबूनही ओळखली. ताई गेल्यावर तुझ्या प्रगतिपुस्तकावर मीच सह्या करायचे. माझ्या सहीची शेवटची शेपटी तू उचललीस, ती अजून तशीच वर वळते. म्हणजे बघ, खोली बंद करा असं सांगणाऱ्या कागदावर अर्धी सही माझीच.

मला बोलायला दिलं. तुला ठाऊक असलेलंच मी त्यांना सांगितलं, तुलाही पुन्हा ऐकवते, कारण तुझ्या अहवालात ते कुठेच नाही. सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे येणाऱ्या शब्दांचा सराव चालतो. फोन उचलणं, दुकानात साबण मागणं, घरच्यांना हाक मारणं. शनिवार वेगळा. शनिवारी जो शब्द येतो तो बोलायला बंदी. येणारे शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढायचे आणि जे येतच नाहीत त्यांच्या मागे लागायचं. टेबलावर वीस कार्डं, सगळी न येणारी. एखादं आलं की ते डब्यात गेलं, त्याच्या जागी दुसरं अवघड. म्हणून तर आम्ही त्या दिवसाला अडखळवार म्हणतो. अडखळवारी आमच्याकडे सगळे नापास. पहिल्या आठवड्यातही नापास, शेवटच्याही. तसे असले तरच तो दिवस नीट चाललाय असं आम्ही समजतो.

समितीतले चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, “पण ताई, मग तुमच्या भाचीने मोजायला नेमका शनिवारच का निवडला?”

मी म्हटलं, “मीच तिला म्हणाले, शनिवारी ये.”

हसले सगळे. मीही हसले असते, दुसऱ्याच्या घरचं असतं तर.

का म्हणाले, ते तुला आठवतं? तू दारात उभी होतीस, खांद्याला ती नवी पिशवी. म्हणालीस, “मावशी, शब्द निसटतो तेव्हा माणूस कुठल्या वाटेने चुकतो ते मला बघायचंय. माझं संशोधन त्यावरच आहे.” चुका बघायच्या तर अडखळवारीच यायला हवं. मी आनंदाने तुला आमच्या घरातली सगळ्यात अंधारी खोली दाखवली. पाहुण्याला कुणी दाखवत नाही ती.

शिंपीदादा तर घाबरलाच होता. मेंदूचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडी प्रत्येक गोष्टीला एकच शब्द, ‘सुई’. चहाही सुई, सूनबाईही सुई. तुझ्या हातातली लेखणी बघून तो म्हणाला, “सुई? सुई?” म्हणजे, परीक्षा आहे का. तू त्याच्यासमोर उकिडवी बसलीस. “परीक्षा नाही हो काका. परीक्षा घेणारा विचारतो, हे चांगलं की वाईट, ठेवायचं की टाकायचं. मी विचारतेय, हे असं का होतं. संशोधनात कुणी नापास होत नसतं.”

किती छान बोललीस. मी सातवी शिकलेली बाई, दोन्ही शब्द एकच समजत होते. फरक तूच शिकवलास. आणि मग तूच तो बोळ्याने पुसून टाकलास.

घरी तुझ्या काकांना बैठकीचं काही सांगितलेलं नाही. त्यांनी भुवया वर करून विचारलं. मी म्हटलं, छान झाली.

मावशी


१० मार्च

मुंगे,

फोनवर तुझा निरोप आला. ‘मावशी, आकडे खोटे नाहीत.’ एवढंच. तुला लहानपणी दाणे ओळीने मांडायची खोड होती म्हणून काकांनी मुंगी नाव ठेवलं. ओळ चुकली की रडायचीस. तुझी ओळ कधी खोटी नसते, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

आकडे खोटे आहेत असं मी म्हटलंच नाही. शिंपीदादाला विसांत तीन आली, खरं आहे. महिने उलटल्यावर पुन्हा तीनच आली, तेही खरं. पण मधल्या काळात त्याच्यापुढची कार्डं बदलली होती, बाळे. पहिल्या वेळी त्याला ‘कप’ येत नव्हता. शेवटी तो ‘वजनकाटा’ शब्दाशी झुंजत होता. कप म्हणून दाखवायला तू त्याला सांगितलंसच नाहीस, कारण त्या दिवशी कपाला बंदी होती. माझीच बंदी.

एक घरचंच उदाहरण देते, राग मानू नकोस. दुधाच्या पातेल्यात दोघीजणी डोकावतात. एक डोकावते ती गॅस बंद करायचा की नाही ते ठरवायला. तिचा हात बटणावरच असतो. दुसरीला बघायचं असतं, साय कशी धरते, बुडबुडे कुठून निघतात, दूध नेमकं का उतू जातं. ती बटणाला हात लावत नाही. ती दूध उतू जाऊ देते, ओट्यावर पसरू देते, बघत राहते. दोघींचं डोकावणं लांबून सारखंच दिसतं. दोन्ही कामं चांगली, दोन्ही घराला लागतात. पण तू दुसरी म्हणून आलीस, आम्हाला म्हणालीस, जाऊ दे उतू, मला बघायचंय. आम्ही जाऊ दिलं. आणि मग पहिलीकडे जाऊन सांगितलंस, या घरात दूध टिकत नाही.

याहून कडू मला लिहिता येत नाही. येतं, पण लिहीत नाही.

काकांना कळलं. मी लपवलं होतं, पण शिंपीदादाच्या सुनेने दारातच ऐकवलं, “म्हणजे इतके दिवस रिक्षाने आणून सोडलं ते फुकटच म्हणायचं की.” तिचंही चुकलं नाही. काका शेजारीच उभे होते. त्यांची वाचा गेलीय, कान नाही गेले. लोक दोन्हीत गल्लत करतात.

शनिवारी त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. शेवटचा डाव आला तरी वळेनात. तुला तो डाव ठाऊक आहे. कार्डं संपली की प्रत्येकाने आपल्या मनातला एक शब्द धरायचा, तो आला नाही तरी कुणाला सांगायचा नाही, बाकीच्यांनी ओळखायचा. खोलीत येणाऱ्या त्या शाळेतल्या बाईंना शेजारी बसून आठवड्याचे वार म्हणताना तू पाहिलंयस. त्यांची मुलगी गुरुवारी फोन करते म्हणून त्यांना ‘गुरुवार’ हवा होता, आणि मधूनच तो उचलता येत नव्हता, सोमवारपासून निघावं लागायचं. बिचाऱ्यांची गाडी गुरुवारी थांबायचीच नाही, थेट रविवारी जाऊन धडकायची. इतकी वर्षं शाळेत शिकवलं आणि एका वारापुढे हात टेकले, म्हणून स्वतःच हसायच्या.

आणि काका. प्रत्येक अडखळवारी ओठ मिटून “म्… म्…” आणि मग मांडीवर थाप. शिंपीदादा खांदे उडवत विचारायचा, “सुई?” बाई म्हणायच्या, “मला? माझं? मफलर?” तू मात्र गप्प. संशोधकाने ओळखायचं नसतं, नुसतं टिपायचं असतं, असं म्हणालीस. तुझ्या कागदावर दर वेळी त्यांच्यापुढे फुली.

या शनिवारी म् सुद्धा नाही.

मावशी


२८ मार्च

मुंगे,

तुझं लांब पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा रागाने आणि एकदा चष्मा पुसून.

तर असं झालं. संचालकबाईंनी तुला बोलावलं आणि म्हणाल्या, प्रत्येक उपक्रमाचा अहवाल हवा, ज्याचा नसेल तो आपोआप बंद. तू तिथे नवी, नोकरी हातची जायला नको. हाताशी तुझ्या संशोधनाच्या नोंदी होत्या, दुसरं काही नव्हतं. तुला वाटलं, काहीच न देण्यापेक्षा हे दिलेलं बरं, निदान खोलीचं नाव यादीत राहील. शिफारस तू लिहिली नव्हतीस, ती त्यांनी नंतर सहीच्या वर चिकटवली. आणि सही आधीच झाली होती.

मानलं. तू वाईट हेतूने केलं नाहीस, हे मानलं. पण तुला ठाऊक होतं अडखळवार काय असतो. संचालकबाईंना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांच्यावर माझा राग बसतच नाही, घसरून पुन्हा तुझ्यावर येतो. परक्याने पाय दिला तर माणूस नुसता ‘अहो’ म्हणतो. आपल्याने दिला तर हाड मोडल्यासारखं ओरडतो.

तू समितीला लिहिलंस की त्या नोंदी या कामाला वापरायला नको होत्या. बरं केलंस. त्यामुळेच जूनमध्ये बाहेरचे गृहस्थ येऊन नव्याने मूल्यमापन करतील असं ठरलं. तोपर्यंत खोली आपल्याकडे. संचालकबाई स्वतः सांगायला आल्या, शिंपीदादाने त्यांना उठून खुर्ची दिली, तीच आखूड पायाची. मुद्दाम दिली की नाही ते त्याला विचारता येत नाही. विचारलं तर सुई म्हणेल.

पण तुझ्या पत्रातली दुसऱ्या पानावरची ओळ घशात अडकलीय. ‘मावशी, काही शब्द नुसत्या काळानेही परत येतात. खोली नसती तर बाईंना गुरुवार सापडला नसता, हे तुला कशावरून माहीत?’

सांगितलं नव्हतं तुला, बाईंना गुरुवार सापडला. दारातून आत येताच म्हणाल्या. सोमवारपासून न निघता, सरळ. तू कुणाकडून ऐकलंस कोण जाणे.

तर मला ते माहीत नाही. कुठून असणार? खोलीत न आलेल्या बाई मी कुठून आणू, शेजारी बसवून ताडून बघायला? मी काय केलं ते तुला माहीत आहे. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं घाबरून दार ओढतात. हे बाहेरून सांगायचे, दार ओढू नका, आधी तिला मजल्यावर येऊ द्या. त्यांच्यावरच अडकायची पाळी आली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही, तेच त्यांना सांगत बसले. मग वाचनालयातून पुस्तकं आणली, अर्धी कळली, उरलेली माणसांवरून कळत गेली. उपयोग होतो का, असं मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत असेल. आपल्या हातचं खाऊन माणसं नाराज उठली का, हे विचारायला धीर लागतो, आणि मी वाढण्यातच दंग होते.

म्हणजे प्रश्न तुझा बरोबर आहे. फक्त तो त्या दिवशी शिंपीदादासमोर उकिडवं बसून विचारायला हवा होतास. आम्ही सोमवारी बोलावलं असतं. येणारे शब्द घालून, भांग पाडून बसलो असतो.

तू लिहितेस, मूल्यमापनाला कार्डं सगळीकडे तीच वापरतात, म्हणून डबा परत पाठव, कुणाच्या हाती लागू देऊ नकोस. शोधते. कपाटात दिसला नाही बाई.

काका बरे आहेत.

मावशी


९ मे

मुंगे,

तुझे दोन्ही निरोप मिळाले. डबा अजून सापडत नाही. शेजारच्या धोबीखान्यातल्या माणसांनी सामान हलवलं होतं, त्यात गेला असेल. सापडला की धाडते. सारखं विचारू नकोस, म्हातारं माणूस विसरतं.

इकडे सगळे कामाला लागलेत. शनिवारसुद्धा आता सरळ चालतो. समितीने ठरवून दिलेली वेळ जवळ येतेय, तेव्हा अडखळायला सवड कुणाला आहे? बाई सगळ्यांना ओळीत बसवतात. शाळा भरल्यासारखी वाटते. शिंपीदादाची सून रिक्षातून उतरून आत डोकावते आणि चक्क हसते. तिच्या सासऱ्याने घरी तिला ‘कंगवा’ मागितला म्हणे.

काकांनी खुर्ची पुन्हा खोलीकडे वळवली आहे. छान बोलतात. तू ऐकशील तर ओळखणार नाहीस.

यायचा विचार करतेयस असं लिहिलंस. आत्ता नको. मूल्यमापन होऊन जाऊ दे. भाची दिसली तर लोक म्हणतील, घरचंच लग्न आणि घरचाच भटजी.

मावशी


२१ जून

मुंगे,

पास झालो.

संचालकबाईंनी गेल्याच आठवड्यात कळवलं. खोली आपलीच. ‘अतिशय समाधानकारक’ असा शेरा आहे, तो कागद त्या चौकटीत लावून देणार आहेत. तुला त्यांच्याकडून कळलंच असेल. पण जे त्यांच्याकडून कळणार नाही ते मी लिहिते.

ते गृहस्थ चांगले होते. त्यांच्यात खोट काढायला मी खूप बघितलं, सापडली नाही. मृदू आवाज, घाई नाही, कुणाचं वाक्य मधेच पूर्ण केलं नाही. आल्या आल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, “मी इथे संशोधनाला आलेलो नाही. ही खोली चालू ठेवावी की नाही, हे ठरवायला संस्थेला मदत करायला आलोय. तेव्हा तुमचं जे उत्तम आहे ते दाखवा.” इतकं स्पष्ट. तू असं म्हणाली असतीस तर मी आज तुला पत्रं लिहीत बसले नसते, तू माझ्या ओट्याशी उभी असतीस.

मग त्यांनी पिशवीतून कार्डं काढली. तुझ्या डब्यातलीच, फक्त डबा त्यांचा.

तुझा डबा हरवलेला नाही. कपाटातून निघाला तो टेबलावर गेला आणि तिथेच राहिला. मार्चच्या शेवटापासून रोज, शनिवारीही, तीच कार्डं. आधी मी म्हटलं, थोडीशी सवय. मग बाईंनी वेळापत्रक केलं. शिंपीदादाच्या सुनेने फोनवर कार्डांचे फोटो काढून नेले आणि घरी घोकून घेतलं. कुणालाच वाईट वाटलं नाही. उलट खोलीत असा उत्साह मी कधी पाहिला नव्हता. माणसं पाठ करत होती आणि त्यांना वाटत होतं, शब्द परत येतायत. मी ते बघत होते आणि काही बोलले नाही. मला खोली हवी होती.

शिंपीदादाने सगळी कार्डं बरोबर सांगितली. सुई दाखवली तेव्हा तर सगळी खोली हसली, तोही हसला. गृहस्थ निघाले, त्यांना दारापर्यंत सोडायला तो उठला, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाला, “विमान.” ते त्याला गंमत समजले. मी गंमत समजले नाही. मार्चमध्ये तो पेल्याला सुई म्हणायचा आणि ती आपली चूक आहे हे त्याला कळायचं, लगेच कपाळाला आठी पडायची, हात शोधायला लागायचा. त्या आठीवरच तर आपली सगळी खोली उभी होती. आता आठी पडत नाही. विमान म्हणाला आणि छाती काढून उभा राहिला.

बाईंचा गुरुवार गेला. वार कार्डांवर नव्हते, म्हणून ते मागे पडले. काल त्यांच्या मुलीचा फोन आला, बाई म्हणाल्या, “चावी, कुलूप, कंदील.” मुलगी घाबरून मला विचारत होती, आईला काही झालं का. मी म्हटलं, नाही ग, पास झालीय.

मी अडखळवार पुन्हा सुरू करायला बघितला. मागच्या शनिवारी कार्डं कपाटात टाकली, कुलूप लावलं, दारात उभी राहून म्हटलं, येणारे शब्द बाहेर. कुणी चपलाच काढेनात. एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत पहिला आलेल्या मुलाला पुन्हा बिगरीत बसवल्यावर त्याची आई बघेल. कोण कशाला स्वतःहून नापास होईल आता? आणि कुणाच्या भरवशावर? मागच्या वेळी झाले होते, त्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलंय.

तर हे असं झालं. तुला हे सगळं का लिहितेय? तू त्या संस्थेत बसतेस. हे पत्र संचालकबाईंच्या टेबलावर ठेवलंस तर खोली उद्या जाईल. आणि ठेवलंस तर मला तुला नावं ठेवता येणार नाहीत. पण दुसऱ्या कुणाला सांगू? ‘हे असं का होतं’ असं विचारणारी माझ्या घरात एकच पोर होती. म्हणून सांगते, हे पत्र त्या दिवशी शिंपीदादापुढे बसली होतीस तशी बसून वाच. ठेवायचं की टाकायचं ते नंतर. जमलं तर.

आता काकांचं.

बरे आहेत असं मी लिहीत आले. बरे आहेत, जेवतात, फिरायला जातात. पण तुझा अहवाल ऐकल्यापासून त्यांनी तो शब्द सोडला. मला माहीत होतं तो कुठला. त्या खोलीत तू सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाई मुद्दाम मफलर म्हणायच्या, शिंपीदादा मुद्दाम खांदे उडवायचा, कारण डावाचा नियमच तसा, ज्याचा शब्द त्यानेच आणायचा. तू समोर बसलेली असायचीस, हातात लेखणी, आणि ते तुझ्याकडे बघून ओठ मिटायचे. म्. म्. लिफ्ट मजल्यापाशी येऊन थांबलेली, उंबरठा तेवढा जुळायचा बाकी. त्यांनीच ठेवलेलं नाव, मुंगे. तुझ्या कागदावर दर शनिवारी तुझ्याच नावापुढे तू फुली मारत होतीस.

तुला ठाऊक नव्हतं, हे मला कळतं. म्हणून राग येतो तो कुठे ठेवावा हेच कळत नाही.

मूल्यमापनाच्या दिवशी त्यांनी एकही चूक केली नाही. पहिलं कार्ड छत्रीचं होतं. “छत्री,” म्हणाले, इतकं स्वच्छ, की झटका आल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. गृहस्थांनी मान हलवून दाद दिली. तो शब्द त्यांना फार आवडलाय. आता सकाळी उठल्यावर छत्री, दूध आलं की छत्री, माझ्या खांद्यावर हात ठेवून छत्री. ओठ मिटत नाहीत, मांडीवर थाप नाही, घाम नाही.

काल भिंतीवरचा तुझा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. शाळेतला, दोन वेण्यांचा. त्यांनी बराच वेळ बघितला. मी खुर्चीच्या कडेवर बसून वाट पाहत होते, ओठ मिटतील म्हणून. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, फोटोवर बोट ठेवलं.

ये तू. केव्हाही ये, स्वेटर न्यायला ये. मी दारात अडवणार नाही. पण तुला आधीच सांगून ठेवते, ते तुला छत्री म्हणतील. अगदी स्वच्छ म्हणतील.

तुझी,
मावशी